राजीला विचारायचं नाही

माळेवस्ती, ता. आटपाडी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. माला,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. गुंडाभाऊजी परवा सेलमला परत निघालेत. त्यांचं दुकान तुमच्या समोरच, तेव्हा पत्र पोचलंच नाही असं म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू भरल्या ताटावरून उठलीस. मी मोठी जाऊ, चार शब्द बोलले असेन, पण ताटाचा काय गुन्हा होता? पुरणपोळीवर तूप तसंच थिजलं. तू पिशवी उचलून एसटीला गेलीस आणि अमृतभाऊजी मान खाली घालून तुझ्या मागं. आमच्या ह्यांनी ते ताट गाईपुढं ठेवलं आणि मला म्हणाले, "आता बोलू नगंस." म्हणून मी त्या दिवशी बोलले नाही. आज लिहिते.

तुझ्या पोरांना न्यायला आलीस, नेऊ नको असं मी म्हटलं नव्हतं. तू हात पुढं केलेस आणि राजी माझ्या पदरामागं गेली, यात मी काय करू? "मी काकीसंगं जाणार न्हाई," असं ती म्हणाली. ते मी शिकवलं असं तुला वाटतं. तुझ्या तोंडावर मला ते दिसलं.

काकी हा शब्द तुला लागला. पण तो काही आजचा आहे का? आमचा साईराज तुला काकी म्हणायचा, त्याचं ऐकून मल्हार म्हणायला लागला आणि मल्हारचं ऐकून राजी. साईराज मला आई म्हणतो म्हणून ही दोघंही आई म्हणतात. आपल्या घरात हे असंच चालत आलंय. सासूबाईंना हे दोघे भाऊ शेवटपर्यंत वहिनी म्हणत होते. त्या काय ताटावरून उठल्या?

राजी दीड वर्षाची असताना तूच आणून दिलीस. दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचं, खाली भट्टी, जुनं सोनं गाळायचं म्हणजे दिवसभर तेजाबाचा धूर. पोरीची छाती घरघरायची. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हिला हवा बदला. आपल्याकडं पाऊस नसेल, पण हवेला कुणी नाव ठेवलेलं नाही. तिच्यासोबत मल्हारलाही ठेवलंत, का, तर गावातली शाळा बरी. आता मल्हार अकराचा आणि राजी सातची झाली, आणि तुम्ही दुकानापासून लांब दोन खोल्या घेतल्या. बरं झालं. पण पोरं म्हणजे रुमालात बांधून न्यायचं सोनं नाही. त्यांना इथं माणसं आहेत, शाळा आहे. तिथली भाषा त्यांना येत नाही.

राजीला तुझी आठवण येत नाही. खरं तेच लिहिते. परवा मल्हारला विचारत होती, सेलम पंढरपूरच्या पलीकडं की अलीकडं. नकाशा काढून दाखव म्हणाली, बाकी काही नाही.

जेवत जा. मागच्या वेळेस तुझे हात बघितले, नुसत्या काटक्या झाल्यात.

तुझी जाऊ,
मंगल


माळेवस्ती
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. माला,

तिळगूळ पाठवलाय. वड्या जरा कडक झाल्या, पाक पुढं गेला. लक्ष नव्हतं.

तू उत्तर दिलं नाहीस, पण अमृतभाऊजींचा ह्यांना फोन आला. मे महिन्यात पोरांना न्यायचं म्हणजे न्यायचं, तिथल्या शाळेत नाव घालून ठेवलंय, असं म्हणाले. फोन ठेवल्यावर हे माझ्याकडं बघेचनात. डाळिंबाला औषध मारायचंय म्हणून सांजच्याला पंप घेऊन गेले. सांजच्याला कोण औषध मारतं?

माला, मी भांडत नाही. माझं एक म्हणणं ऐक. मे महिन्यात तू ये. घरात सगळ्यांच्या समोर राजीला उभं करू आणि विचारू, बाई गं, तुला कुठं राहायचंय? ती जे म्हणेल ते तू आणि मी दोघींनी मानायचं. मल्हार काय, तो तिच्या मागं जातो. ती माझं नाव घेईल याची मला खात्री आहे आणि म्हणूनच मी हे म्हणते, असं तुला वाटेल. वाटू दे. तुझ्याजवळ दुसरा उपाय असेल तर सांग.

हे मी ह्यांना म्हटलं तेव्हा मल्हार तिथंच शेंगा फोडत बसला होता. त्यानं जाऊन राजीला सांगितलं. त्या रात्रीपासून ती जरा गप्प आहे. थंडीही फार आहे यंदा. खोकला नाही, काळजी करू नकोस. फक्त झोपताना माझा हात धरून ठेवते आणि तुझ्या दिवाळीच्या फ्रॉकची घडी उशाखाली घेते. तो तिला आखूड होतो, अंगात जात नाही. तू माप विचारायला हवं होतंस.

साईराजची बदली आसामकडं झाली. सहा महिने तरी सुट्टी नाही म्हणतो. घरात ही दोघं आहेत म्हणून दिवस कळत नाही.

मे महिन्याचं काय ते कळव.

मंगल


माळेवस्ती
३ मे २०२५

माला,

तू "चालेल" एवढंच गुंडाभाऊजींच्या हातानं कळवलंस. विचारू म्हणालीस. मग आता हे पत्र नीट, बसून वाच. भट्टीजवळ उभी राहून वाचू नकोस.

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला आम्ही पोरांना घेऊन निमसरचा राजवाडा बघायला गेलो. सातारा जिल्ह्यात, मायणीच्या पुढं. संस्थान गेलं, वारस मुंबईला, पण वाडा ट्रस्टनं नीट ठेवलाय. बाग आहे, हत्तीखाना आहे, माशांचा हौद आहे. मल्हारच्या शाळेची सहल गेली तेव्हा त्याला ताप होता, त्याचं राहून गेलं होतं. पण मी त्याच्यासाठी नेलं नाही. तू येणार, राजीला विचारणार, त्याच्या आधी तिला एक दिवस असा द्यायचा की तिनं दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नये. एवढ्यासाठी डाळिंबाची पिकअप धुतली, मागं गाद्या टाकल्या, दशम्या केल्या. आमचे हे म्हणाले, "येवढी कवा नटली न्हाईस." नटलेच होते. तू घेतलेलं हिरवं इरकल नेसले होते.

दिवस चांगला चालला होता. हत्तीखान्यात आता मोटारी लावतात, म्हणून मल्हार खट्टू झाला, त्याला निदान हत्तीचं हाड तरी बघायचं होतं. आरसेमहालात दोघं तोंडं वाकडी करून हसत होती. ह्यांना पायऱ्यांचा कंटाळा, ते चिंचेखाली आडवे झाले. राजीनं मला हौदाच्या काठावर बसवून माझ्या पायाशी पाणी उडवलं. मी मनात म्हटलं, जिंकलं.

मग दरबार हॉल. तिथं ट्रस्टचा एक पोरगेला माणूस माहिती सांगत होता. भिंतीवर एक मोठं चित्र आहे. गादीवर राणीसाहेब, त्यांच्या मांडीशी मंदिल घातलेला पाच वर्षांचा मुलगा. राणीसाहेबांना मूल नव्हतं, म्हणून दिराचा मुलगा दत्तक घेतला आणि तोच पुढं राजा झाला. त्याची जन्माची आई त्याच वाड्यात मागच्या चौकात राहायची आणि दरबार भरला की जाळीतून बघायची, असं त्यानं सांगितलं. जाळी दाखवलीसुद्धा. लोकांनी जाळीला डोळे लावून फोटो काढले.

राजीनं त्याचा हात ओढला आणि म्हणाली, "ह्याला कुणी इच्यारलं व्हतं का?"

तो हसला. "पाच वर्सांच्या पोराला कोण इच्यारतंय, बाळ?"

"मग बरं झालं," राजी म्हणाली.

सगळे हसले. मीपण हसले, माला. त्यानंतर बायकांचे दागिने ठेवलेल्या खोलीत गर्दी झाली. मी एका वज्रटिकीपाशी थांबले आणि वळून बघते तर राजी नाही.

मल्हारला इकडं पळवलं, मी तिकडं. हौद आधी बघितला. पाणी कमरेएवढंच आहे, पण मला ते विहिरीएवढं दिसलं. हे चिंचेखालून उठून पळत आले. बागेत सुट्टीला आलेल्या पोरांचे घोळके होते, सगळ्या पोरी मला राजीच वाटत होत्या. मी जिच्या-तिच्या खांद्याला धरून फिरवत होते. एका बाईनं मला झिडकारलं.

आणि मग भोंग्यावरून आवाज आला. राजेश्वरी नावाची मुलगी सापडलेली आहे, तिची आई विजयमाला अमृत यांनी तिकीट खिडकीपाशी यावे.

मी आधी काय केलं माहीत आहे? मी तुला शोधलं. मला वाटलं तू आलीस. न सांगता सेलमहून आलीस आणि माझ्या आधी तिकीट खिडकीपाशी पोचलीस. मी चारी बाजूंनी बघितलं. परत तेच नाव पुकारलं, विजयमाला अमृत. तेव्हा कळलं की हे राजीनं सांगितलंय. आईचं नाव विचारलं आणि तिनं तुझं सांगितलं. सहा वर्षं मी तिला आंघोळ घातली, माला. पोर सापडली याचा आनंद व्हायच्या आधी मला हे दुःख झालं, ही माझी जात बघ.

ती मेण्यात सापडली. खाली दालनात जुना मेणा ठेवलाय, राण्यांनी बसून जायचा, त्याचे पडदे ओढून आत पाय दुमडून बसली होती. रखवालदारानं काढली, पण ती रडली नाही, नाव-गाव सगळं नीट सांगितलं, असं तो कौतुकानं म्हणाला. मग त्यानं मला विचारलं, "तुमीच का विजयमाला?"

मी म्हटलं, "व्हय, मीच."

राजीनं माझ्याकडं बघितलं. तिनं मला खोटं पाडलं नाही. गुपचूप हात हातात दिला.

परत येताना ती पुढं माझ्या मांडीवर होती. मायणी मागं पडली. मला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. मी म्हटलं, का गं, माझं नाव येत नव्हतं का तुला? तिनं बराच वेळ माझ्या बांगड्या फिरवल्या. मग म्हणाली, "तुझं नाव सांगितलं आसतं तर काकी परत उपाशी ग्येली आसती."

ती मला विचारायला लागली, "तू आज जेवशील न्हवं? मी तुझं न्हाई सांगितलं म्हणून तू उठणार न्हाईस न्हवं?"

माला, दिवाळीपासून हे पोर हे पोटात घेऊन हिंडतंय. ज्याचं नाव घेणार नाही ते माणूस उपाशी जातं, असं तिला वाटतंय. तू ताटावरून उठलीस आणि मी ठरवलं की तिला उभं करून विचारायचं, आणि आपण दोघी त्याच्या तारखा ठरवत बसलो. सेलमचा नकाशा तिला कशासाठी हवा होता हे मला आता कळतंय. उपाशी माणूस किती लांब गेलं ते बघत होती.

मी ह्यांना गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दशमी सोडली आणि तिच्या समोर बसून खाल्ली. घास पाण्यानं ढकलला. ती एकटक माझ्या तोंडाकडं बघत होती. एक संपल्यावर म्हणाली, "आजून येक खा." तीपण खाल्ली. मग ती झोपली.

मे महिन्यात तिला विचारायचं नाही. तू विचारलंस तर तुला माझी शपथ. काय करायचं ते आपण दोघींनी ठरवू, मोठ्या माणसांनी. तू सांग.

मंगल


माळेवस्ती
२७ मे २०२५

चि. सौ. माला,

तुझं पत्र आलं. किती वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तशीच तिरकी लिहितेस.

तू लिहिलंस, आक्का, मल्हारला पाठवा, राजीला तुमच्याजवळच ठेवा, तिची छाती तिथं बरी आहे, आणि मी वर्षातून दोनदा येऊन भेटत जाईन. ते पत्र मी दिवसभर कनवटीला लावून फिरले. ह्यांना दाखवलं नाही. संध्याकाळी धार काढताना म्हशीला सांगितलं, राजी राहणार आहे बरं का. त्या एका दिवसात मी तिच्या बारावीपर्यंतचं सगळं ठरवून टाकलं. तिला कुठल्या शाळेत घालायचं, साईराजच्या लग्नात तिला काय शिवायचं, सगळं.

रात्री ते पत्र परत वाचलं. तू ते रडून लिहिलंस हे कागदावरच दिसतं. तू पोर सोडतेस, कारण तिला विचारायचं नाही असं मी लिहिलं. पण माला, ती मोठी झाल्यावर म्हणेल, मल्हारला मागितलं आणि मला नाही मागितलं. तेव्हा तिला कोण समजावणार? तू सेलमला, मी म्हातारी. आणि भाऊ तिथं, बहीण इथं, असं मी तरी होऊ देणार नाही.

दोघं येतील. हे उद्या त्यांना मिरजेहून घेऊन निघतात. मी स्टेशनला जाणार नाही. मला ओळखतेस तू, मी तिथं तमाशा करीन.

राजीला कसं सांगितलं तेही लिहिते, म्हणजे तुझ्या आणि माझ्या बोलण्यात फरक नको. मी म्हटलं, आम्ही ठरवलंय, तुमी दोघं आता सेलमला, काकीकडं राहायचं. तिनं विचारलं, मी सांगायचं न्हाई का? मी म्हटलं, न्हाई, तुला काय बी सांगायचं न्हाई. तिनं मोठा श्वास सोडला आणि खेळायला गेली. नंतर रडली, आडवी पडून रडली, माझा पदर दातात धरला. पण तो आधीचा श्वास मी ऐकलेला आहे. त्याच्यावरच मी हे सगळं करते आहे.

छातीचं औषध पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहे. दमट दिवस असला की रात्री तेल कोमट करून पाठीला लाव, छातीला नको, तिला गुदगुल्या होतात. दुधावरची साय खात नाही. मल्हार सगळं खातो, त्याचं कौतुक केलं की आणखी खातो. त्याला तुझ्या तिथल्या शाळेची भीती वाटते, पण तो ते बोलणार नाही, उगीच चेष्टा करत राहील. तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. राजीसाठी नवा फ्रॉक घेतला, मोठ्या मापाचा, वर्षभर जाईल. तुझा आखूड झालेला तिनं स्वतः पिशवीत घातलाय.

पहिल्या दिवशी तू तिच्या समोर बसून जेव. भूक नसली तरी जेव. तिला दिसू दे.

ती तुला काय म्हणेल, काकी म्हणेल की आई, त्यावर काही बोलू नकोस. तिच्या तोंडून जे येईल ते येऊ दे. मला ती काय म्हणेल याचाही विचार मी आता करत नाही. करते, पण तो तिच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही.

ह्यांच्याजवळ मी तुला हिरवं इरकल परत पाठवत नाहीये, हे मुद्दाम लिहिते. ते माझंच आहे.

शेवटचं एक. तिकडं गेल्यावर ती पहिले काही दिवस रडेल, आईला फोन लाव म्हणेल. तू दयाळू आहेस, लावून देशील. देऊ नकोस, माला. हात जोडते. ती "मला न्यायला ये" म्हणाली तर मी गाडीत बसेन. निघालेच तर मला कुणी अडवू शकणार नाही, आणि सगळं परत पहिल्यापासून होईल. दिवाळीपर्यंत तिला माझा आवाज ऐकवू नकोस.

मंगल